जुनी होडी, नवा जन्म

आपली बैलगाडी जुनी झाली, की आपण काय करतो? जू मोडले तर नवे करतो. चाकाची धाव सैल झाली तर लोहाराकडून बसवून घेतो. सबंध गाडी काही टाकून देत नाही. एका माणसाने जुन्या होडीचे असेच केले. अन् त्याच होडीतून त्याने एकट्याने पृथ्वीला फेरी मारली. त्याची ही हकीगत.

त्याचे नाव जोशुआ स्लोकम. राहणार अमेरिकेत. पोरवयापासून शिडाच्या जहाजांवर राबून तो कप्तान झाला होता. पुढे वाफेची जहाजे आली. शिडाच्या जहाजांना काम मिळेना. स्लोकम बेकार झाला. 1892 च्या हिवाळ्यात एका म्हाताऱ्या कप्तानाने त्याला एक होडी फुकट देऊ केली. स्लोकम मोठ्या आशेने पाहायला गेला. पाहतो तो काय! फेअरहेवन गावी एका शेतात ती उभी. वर कापड झाकलेले, लाकूड कुजलेले. नाव 'स्प्रे', म्हणजे लाटेचे तुषार.

लोकांनी विचारले, "मोडून टाकणार काय?" तो म्हणाला, "नाही, बांधणार."

होडीच्या तळाशी एक लांब, दणकट लाकूड असते. आपल्याला पाठीचा कणा, तसे होडीला ते. कोकणात त्याला पठाण म्हणतात. स्लोकमने जवळचेच ओकचे झाड तोडून नवे पठाण केले. मग बरगड्या. लाकूड वाकवायचे कसे? त्याने एक लांब पेटी केली. हंड्यात पाणी उकळून तिच्यात वाफ सोडली. वाफेने लाकूड मऊ झाले. ते ओंडक्यावर वाकवून बांधून ठेवले. निवाल्यावर बाक कायम राहिला.

बरगड्यांवर दीड इंच जाडीच्या फळ्या बसवल्या. सुमारे एक हजार बोल्ट लावून त्या आवळल्या. फळ्यांमधल्या फटींत आधी कापसाचा दोर ठोकला, वर तागासारख्या धाग्यांचा बोळा ठोकला. काहीजण म्हणाले, "कापूस निघून येईल." तो निघाला नाही. समुद्रात लाकूड पोखरणारे किडे असतात. म्हणून तळाला तांबे घातलेला रंग दिला. नवी डोलकाठी उभी केली.

या कामाला 13 महिने लागले. सामानाचा खर्च 553 डॉलर 62 सेंट. होडीची लांबी 36 फूट 9 इंच.

24 एप्रिल 1895 रोजी तो बोस्टन बंदरातून निघाला. बरे का, या माणसाला पोहता येत नव्हते! घराचे छप्पर गळाले, तर आपण शेजाऱ्याकडे जातो. भर समुद्रात शेजारी कुठला? त्याचा जीव त्या फटींवरच अवलंबून होता.

वाटेतही तो होडीत सुधारणा करीत राहिला. ब्युनॉस आयरिस बंदरात डोलकाठी 7 फूट तोडून आखूड केली. पुढे वादळे होती. तिथे उंच डोलकाठी धोक्याची. 1896 साली दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ डोलकाठीएवढी लाट आली. स्लोकम दोर धरून वर चढला. होडी पाण्याखाली गेली. खाली पाहावे तर लाकूड दिसेना. थोड्या वेळाने होडी थरथरली अन् वर आली. सांधे पक्के होते.

होडीचा तोलही फार चांगला साधला होता. हिंदी महासागरात ती 23 दिवसांत 2,700 मैल गेली. सुकाणू बांधून ठेवलेले. त्याला हात लावावा लागला तो सगळे मिळून तीनेक तासच.

27 जून 1898 रोजी तो अमेरिकेत परतला. सुमारे 46,000 मैलांची फेरी पुरी झाली. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला माणूस. परत आला तेव्हा होडीत थेंबभरही पाणी झिरपत नव्हते.

1909 च्या सुमारास तो त्याच होडीतून पुन्हा निघाला. तो परत आलाच नाही. काय झाले ते कोणाला कळले नाही. समुद्र तो समुद्रच.

पण त्याचे काम लक्षात ठेवण्याजोगे आहे. फटीत आत ठोकलेला कापूस कोणाच्या नजरेस पडत नाही. वरचा रंग तेवढा दिसतो. लाट मात्र रंग पाहत नाही, ती फट शोधते.