‘अम्मी, एवढी एकच मॅच!’

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मगरिबची अजान झाली की आमच्या घरात रोज तेच. मी म्हणायची, “मोबाईल ठेव.” मुलगा मान वर न करता म्हणायचा, “अम्मी, एवढी एकच मॅच!” मॅच संपेपर्यंत नमाजची वेळ निसटायला आलेली आणि माझा पारा चढलेला.

दोष तरी कुणाला द्यायचा? मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा “मुलांना फोन घेऊन द्या” असे पालकांना सांगणाऱ्यांत मीही होते. अभ्यासासाठी आलेल्या त्याच फोनमध्ये पबजीही आला. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली, तर मुले फ्री फायरकडे वळली. जुलै २०२१ मध्ये पबजीच बीजीएमआय नावाने आला, वर्षभराने तोही हटला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा परतला. गेमची नावे बदलली, सवय तीच राहिली.

मीही घरात बंदी घालून पाहिली. फोन कपाटात ठेवला, कुलूप लावले. आठ दिवसांत कळले की “अभ्यासाला जातो” म्हणून तो मित्राच्या फोनवर खेळतोय. गेमपेक्षा ते खोटे बोलणे मला जास्त लागले.

मग एका संध्याकाळी रागावण्याऐवजी मी त्याच्या शेजारी बसले. शंभर खेळाडू पॅराशूटने उतरतात, शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो. एक मॅच साधारण अर्ध्या तासाची. मध्ये थांबवता येत नाही. सोडून गेलो तर साथीदार उघडे पडतात. तेव्हा उमगले. भातकापणीनंतर शेतात रंगलेल्या क्रिकेटमधून, चालू ओव्हर टाकून माझा भाऊ तरी कधी घरी आला होता?

म्हणून नियम बदलला. अजान झाल्यावर गेम बंद करायचा, असे नाही. अजानच्या अर्धा तास आधीपासून नवी मॅच सुरू करायची नाही. रात्री सगळे फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. पैशांचा पिन मुलांना सांगायचा नाही. यावर मुलाने आपलीही अट घातली, “मग अब्बांनीही जेवताना रील्स बघायचे नाहीत.” अब्बांनी निमूटपणे मान्य केले!

काही बाबतींत मात्र ढिलाई नको. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम हा जुगारच. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने त्यांना मनाई केली आहे. आणि मूल जेवण, झोप, शाळा सोडून गेममध्येच बुडाले असेल, नुकसान दिसूनही थांबता येत नसेल, तर मारझोड न करता डॉक्टरांना दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेने याची आजारांत नोंद केली आहे.

माझा मुलगा आता अकरावीत आहे. पोशीरहून रिक्षाने नेरळ, तिथून लोकलने कॉलेज. गेम सुटलेला नाही. पावसाळ्यात वाढतो, परीक्षेत घटतो. पण परवा अजानच्या आधी मित्राचा फोन आला, तेव्हा तो म्हणाला, “आता नको, इशानंतर बघू.” मी स्वयंपाकघरातून ऐकले आणि काहीच बोलले नाही.