मोबाईलवर 'केपी 7' दिसला म्हणजे आपल्याकडे काय? सौर वादळाचा खरा हिशोब अलिबागच्या रेघेत

अलिबाग : 'आज रात्री सूर्यावरून वादळ येणार, मोबाईल उशाशी ठेवू नका' असा मेसेज अधूनमधून गावच्या ग्रुपवर फिरतो. सोबत परदेशी ॲपचा फोटो, त्यात लाल पट्टी आणि 'केपी 7' असा आकडा. उशाशी मोबाईल ठेवल्याने या वादळात कोणाला काही होत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पण तो आकडा मात्र खोटा नसतो. तो मोजतात कसा आणि आपल्या भागाला जसाच्या तसा लागू होतो का, हे समजून घ्यायला हवं. कारण आता शेतजमिनीची मोजणीसुद्धा उपग्रहाच्या भरवशावर चालते.

पृथ्वी हे एक मोठं पण कमजोर लोहचुंबक आहे. त्याची ताकद नॅनोटेस्लात मोजतात. अलिबागला जमिनीला समांतर असलेली ओढ साधारण 38 हजार नॅनोटेस्ला भरते. फ्रिजच्या दाराला चिकटवायच्या चुंबकाची ताकद त्याच मापात यापेक्षा कितीतरी पट जास्त भरते, यावरून अंदाज यावा. ही ओढ दिवसभर सारखी नसते. उन्हामुळे वरच्या हवेत विजेचे प्रवाह वाहू लागतात, त्यामुळे दुपारच्या आधी आकडा चाळीस-पन्नासने चढतो आणि संध्याकाळपर्यंत उतरतो. हे रोजचंच, वादळ नव्हे.

वादळात उलटं होतं. सूर्याकडून आलेल्या कणांमुळे पृथ्वीभोवती, हजारो किलोमीटर वर, विजेच्या प्रवाहाचं एक कडं तयार होतं. ते पृथ्वीच्या ओढीविरुद्ध जोर लावतं आणि आपल्याकडची रेघ खाली जाते. शंभराच्या पुढे घट म्हणजे मोठं वादळ. 2024 च्या अक्षय तृतीयेला, 10 मे रोजी रात्री साडेदहाच्या सुमारास आलेल्या वादळात दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जगाची सरासरी घट सुमारे 400 पर्यंत गेली होती. त्या रात्री लडाखमधल्या हानले इथून आकाश तांबडं दिसलं.

ही मोजणी आपल्याकडे नवी नाही. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. 2 सप्टेंबर 1859 ला तिथल्या माणसांनी डोळ्यांनी काटा वाचून जी घट लिहून ठेवली, ती सुमारे 1600 नॅनोटेस्ला होती. आजही जगभरचे शास्त्रज्ञ त्या वादळाचा अभ्यास करताना कुलाब्याची ती नोंद काढतात. पुढे मुंबईत विजेवरची ट्राम यायची ठरली. ट्रामच्या विजेने नोंदी बिघडणार, म्हणून संचालक नानाभॉय मूस यांनी 1904 मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी केली. दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुना आणि नवा हिशोब जुळावा. कोकणातला काळा दगड स्वतःच थोडा चुंबकीय असतो, म्हणून इमारतीला पोरबंदरचा दगड आणला आणि लोखंड टाळलं. आज ही वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. संस्थेचं मुख्यालय नवीन पनवेलला, आणि नागपूरलाही तिचं केंद्र आहे.

पूर्वी आरशावरून परावर्तित होणारा उजेड फिरत्या फोटोच्या कागदावर रेघ उमटवायचा आणि माणूस पट्टी लावून तासातासाचे आकडे काढायचा. आता फ्लक्सगेट नावाचं उपकरण सतत मोजतं आणि मिनिटामिनिटाचा आकडा कॉम्प्युटरवर येतो. पण हे यंत्र फक्त चढउतार सांगतं. मूळ आकडा किती, हे ठरवायला वेगळ्या उपकरणांनी नियमितपणे हाताने वेध घ्यावाच लागतो. काट्याला अधूनमधून प्रमाणित वजन लावून पाहतात ना, तसंच.

शिवाय जवळून ट्रक गेला तरी रेघ उडी मारते. मग वादळ कुठलं आणि ट्रक कुठला? उडी फक्त अलिबागला असेल तर कारण आसपासचं. तीच हालचाल त्याच मिनिटाला नागपूर, जयपूर, हैदराबादलाही दिसली, तर ती वरून आलेली.

मग केपी म्हणजे काय?

दिवसाचे तीन-तीन तासांचे आठ भाग करतात. रोजचा नेहमीचा चढउतार वजा करून उरलेल्या रेघेत त्या तीन तासांत किती उलथापालथ झाली, त्यावर 0 ते 9 गुण देतात. हा त्या केंद्राचा के-निर्देशांक. जगातल्या 13 केंद्रांचे गुण एकत्र करून जर्मनीतून केपी निघतो. 5 पासून वादळ धरतात. यात मेख अशी, की त्या तेरांत भारतातलं एकही केंद्र नाही, बहुतेक युरोप-अमेरिकेकडची आहेत. त्यामुळे केपी 6 म्हटलं म्हणून आपल्याकडे तेवढंच झालं असं नाही. आणि केपी तीन तासांतली हालचाल मोजतो, घट नाही. मोठ्या वादळानंतर केपी खाली आला तरी अलिबागची रेघ पूर्वपदावर यायला दोन-तीन दिवस लागू शकतात.

कॅनडातल्या क्युबेक प्रांतात 13 मार्च 1989 ला अशाच वादळाने नऊ तास वीज गेली होती. आपण विषुववृत्ताच्या जवळ असल्याने तो धोका इथे बराच कमी. इथला प्रश्न उपग्रहाच्या सिग्नलचा. वादळात वरच्या हवेचा विद्युतभारित थर बिघडतो आणि जीपीएसचं गणित चुकतं. मे 2024 मध्ये अमेरिकेत मका पेरणीच्या ऐन हंगामात अनेक शेतकऱ्यांना आपोआप चालणारे ट्रॅक्टर थांबवावे लागले. आपल्याकडे भूमी अभिलेखची मोजणी आता रोव्हरने होते. रोव्हरवर 'फिक्स' आलं असेल तर चूक दोन-चार सेंटीमीटरची. 'फ्लोट'वर घेतलेला बिंदू मात्र फूटभरही सरकलेला असू शकतो, आणि फूटभर बांधावरून भावाभावांत काय होतं ते तालुक्याच्या कोर्टात जाऊन बघावं. मोठं वादळ चालू असताना मोजणी आली आणि फिक्स टिकत नसेल, तर खुणा रोवायची घाई नको. तोच बिंदू काही तासांनी पुन्हा घ्यायला सांगावं.

अलिबागचा आलेख 'इंटरमॅग्नेट' या जागतिक जाळ्याच्या वेबसाईटवर 'एबीजी' या नावाने बघायला मिळतो. तिथली वेळ ग्रीनिचची (यूटीसी) असते, त्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. म्हणजे केपीचा दिवसातला पहिला भाग आपल्या घड्याळात पहाटे साडेपाच ते सकाळी साडेआठ.