वर्दी उतरवल्यानंतर (भाग ७) : थोरातांचा ‘लाल किला’

मागच्या भागात आपण जनरल थिमय्यांचा राजीनामा आणि त्याचं संसदेत झालेलं हसं पाहिलं. आज त्यांचे जिवलग सहकारी. शंकरराव पांडुरंग पाटील थोरात हे कोल्हापूरकडचं भरघोस नाव लष्कराने एस. पी. पी. एवढ्यात आवरतं घेतलं. जन्म १९०६चा, वडगावचा. सँडहर्स्टहून १९२६ साली अधिकारी होऊन ते बाहेर पडले.

त्यांच्या उमेदवारीची वर्षं मी भराभर उलटतो, कारण खरी गोष्ट पुढे आहे. तरी ब्रह्मदेशातल्या कांगॉपाशी थांबायलाच हवं. जानेवारी १९४५मध्ये तिथे लढलेल्या ५१व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख भारतीय होते : थिमय्या, एल. पी. सेन आणि थोरात. थोरातांच्या पंजाब पलटणीने जपान्यांच्या ताब्यातली ‘मेलरोझ’ टेकडी चढून घेतली. तिघांनाही डीएसओ मिळालं. हिंदी माणसाला लढाईत पलटण हाकता येईल का, ही गोऱ्या साहेबांची शंका तिथे फिटली.

१९५३ साली कोरियात युद्धविराम झाला आणि मायदेशी जायला नकार देणारे बावीस हजारांवर चिनी व कोरियन युद्धकैदी भारतीय फौजेच्या स्वाधीन झाले. तिचे प्रमुख थोरात होते. फौज जेमतेम सहा हजारांची. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी भारतीय सैनिकाचा पाय आपल्या भूमीला लागू देणार नाही असं बजावलेलं, म्हणून जवानांना जहाजावरून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. सप्टेंबरात चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल यांना कुंपणाच्या आत ओढून ओलीस धरलं. बाहेर बंदुका रोखून सैनिक उभे होते. थोरात स्वतः कैद्यांच्या घोळक्यात गेले, बोलत राहिले आणि ग्रेवालना सोडवून बाहेर आले. गोळीबाराचा हुकूम देणं सोपं होतं, शिवाय नियमातही बसलं असतं. पण मग उरलेले महिने त्या छावण्या सांभाळणं कोणाला जमलं असतं?

१९५७ साली ते लखनौला पूर्व विभागाचे सेनापती झाले. दोन वर्षांनी, ऑगस्ट १९५९मध्ये, लाँगजूला चिन्यांनी आसाम रायफल्सच्या ठाण्यावर गोळीबार केला आणि नेफाची, म्हणजे आजच्या अरुणाचलची, सीमा लष्कराकडे आली. थोरातांनी नकाशा पुढ्यात घेतला. ८ ऑक्टोबर १९५९ला त्यांचं टिपण तयार झालं.

त्यातला हिशेब रस्त्यांचा होता. तिबेटच्या पठारावर चिन्यांना ट्रक सीमेजवळ आणता येत होते. आपल्याकडे तेजपूरचं मैदान संपलं की खेचरं, हमाल आणि विमानातून टाकलेली पोती. अशा ठिकाणी मॅकमहोन रेषेवरच ठाण मांडून लढायचं म्हणजे शत्रूच्या दारात जाऊन लढणं. म्हणून रेषेवर फक्त टेहळणीची ठाणी ठेवायची, मागे शत्रूला रखडवत राहायचं आणि निर्णायक लढाई बोमदिला, झिरो, दापोरिजो, अलाँग अशा मागच्या ठिकाणांवर द्यायची. तिथवर येईतो चिन्यांची रसद डोंगरात ताणली गेलेली असेल आणि आपली हाताशी असेल.

टिपण थिमय्यांमार्फत संरक्षणमंत्री कृष्ण मेननांकडे गेलं. थोरातांच्या सांगण्याप्रमाणे मंत्र्यांनी ते घबराट पसरवणारं ठरवून बाजूला सारलं. चिन्यांना आपण मुत्सद्देगिरीने थोपवू, असा त्यांचा भरवसा. मग १७ मार्च १९६०ला थोरातांनी लखनौत ‘लाल किला’ नावाचा युद्धसराव मांडला आणि हाती असलेल्या फौजेत नेफा राखता येणार नाही, हे वरिष्ठांसमोर ठेवलं.

मेननांना खलनायक करून मोकळं होणं आपल्याकडे फार चालतं. या योजनेतली अडचणीची बाजूही पाहू. तवांगसारखा मुलूख निदान सुरुवातीला सोडावा लागेल, असा तिचा अर्थ होता. तसूभर जमीन देणार नाही म्हणून गरजणाऱ्या संसदेला हे सांगणार कोण? शिवाय वाढीव फौजेला पैसा लागणार होता. लष्करी हिशेब बरोबर होता. तो लोकांपुढे मांडायची हिंमत राजकारणात नव्हती. माझ्या मते खरी चूक ती.

मे १९६१मध्ये थोरात निवृत्त झाले. त्यांनी सरसेनापती व्हावं अशी थिमय्यांची शिफारस होती, नेमणूक पी. एन. थापर यांची झाली. थापर काही महिन्यांनी ज्येष्ठ होते, त्यामुळे नियमावर बोट ठेवायला जागा होती. थोरात कोल्हापूरला परतले.

पुढच्या वर्षी नेमकं उलटं घडलं. मागे सरकायचं सोडून ठाणी पुढे रेटली गेली. थागला कड्याखालच्या नामका चू ओढ्यावर सुती गणवेशातले जवान बसवले. डोक्यावर चिनी, आणि कित्येकांच्या पट्ट्यात पन्नासच गोळ्या. २० ऑक्टोबर १९६२ला हल्ला झाला. महिनाभरात तवांग, से ला, बोमदिला गेलं.

मग नेहरूंनी थोरातांना दिल्लीला बोलावून घेतलं. ‘फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट’ या आत्मचरित्रात तो प्रसंग आहे. टिपण वाचून पंतप्रधानांनी विचारलं, हे मला का दाखवलं नाही? याचं उत्तर मेननच देऊ शकतील, असं थोरात म्हणाले. एवढंच. विजयी सूर नाही, वर्तमानपत्रांतून चिखलफेक नाही. पुढे राष्ट्रीय संरक्षण परिषदेच्या लष्करविषयक समितीवर त्यांनी काम केलं. आत्मचरित्र छापून यायला १९८६ साल उजाडलं. १९९२मध्ये ते वारले.

पुढच्या आठवड्यात नामका चूवरच जाऊ : तिथल्या ७व्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडिअर जॉन दळवी चिन्यांच्या कैदेतून सुटून आले आणि लिहायला बसले, त्याची हकिगत.