घोडी आणि गंधार

बडोद्याच्या जुन्या शहराला चार दिशांना चार दरवाजे आहेत. त्यांपैकी पश्चिमेच्या लहरीपुरा दरवाज्यातून बाहेर पडले, की न्यायमंदिराची इमारत दिसते आणि थोड्याच अंतरावर सुरसागर तलाव लागतो. या तलावासमोर विद्यापीठाची संगीत, नृत्य व नाट्य यांची विद्याशाखा आहे. १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी जी गायनशाळा चालविली, तिचा वारसा या विद्याशाखेकडे आलेला आहे. उस्ताद फैयाज खाँ हे बडोद्याचे दरबारी गायक; अब्दुल करीम खाँ हेही तरुणपणी याच दरबारात होते. या थोर गायकांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्यांच्या पाठीमागे जो तानपुरा वाजत होता, त्यातील हाताच्या पंजात मावेल एवढ्या एका तुकड्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. तो तुकडा म्हणजे घोडी.

घोडी कशासाठी असते, असे विचारले तर तारा उचलून धरण्यासाठी, असे उत्तर मिळते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. नुसत्या तारेचा आवाज फार क्षीण असतो. बारीक तार हवेला कापीत जाते, ढकलीत नाही. तिचे कंपन घोडीतून तबलीत उतरते, तबली आणि भोपळा मिळून हवेला हलवितात, आणि मग आपणांस स्वर ऐकू येतो. म्हणजे घोडी हा एक जकातनाका आहे म्हणा ना! तारेचा सगळा माल तिच्यावरूनच जावयाचा, आणि त्यातले काय सोडावयाचे, काय अडवावयाचे हे तिचे लाकूड, तिचे वजन आणि तिची घडण ठरविते.

हे पटण्यासाठी क्षणभर एका परक्या वाद्याकडे वळू. पाश्चात्त्य वाद्यवृंदात, आणि मुंबईच्या जुन्या चित्रपटसंगीतातही, माणसापेक्षा उंच असे एक वाद्य उभे राहून वाजवितात. त्याला डबल बेस म्हणतात. त्याची घोडी मेपलच्या लाकडाची, दोन पायांची आणि चांगली वीतभर उंच असते. एका पायाजवळ वाद्याच्या पोटात एक लाकडी दांडी उभी केलेली असते, त्यामुळे तो पाय जवळजवळ स्थिर राहतो. दुसरा पाय मात्र वरखाली होऊन वाद्याची छाती हलवितो. घोडी जाड ठेवली तर आवाज मंद व दबलेला होतो. प्रमाणाबाहेर पातळ केली तर तो कर्कश होतो आणि कालांतराने घोडी वाकते. पाय छातीच्या उतारावर नेमके बसले नाहीत, तर निम्मे कंपन वाटेतच मुरते.

यातील मौज अशी, की डबल बेसची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते आणि त्या स्वराची लहर हवेत सुमारे सत्तावीस फूट लांब असते. एवढी मोठी लहर जोराने फेकण्यास त्या प्रचंड वाद्याचे पोटही अपुरे पडते. मूळ स्वर बाहेर थोडाच येतो. त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर मात्र घोडीवरून सुखरूप पार होतात, आणि त्यांवरून आपला कान मूळ स्वर ओळखून घेतो. त्या वाद्याचा गंभीरपणा बराचसा घोडीने पार केलेल्या उपस्वरांवर उभा असतो.

आता आपल्या तानपुऱ्याकडे येऊ. डबल बेसच्या घोडीचा माथा अरुंद. तार एका बारीक खाचेत घट्ट बसते आणि तिचा शेवट कोठे होतो याविषयी शंका राहत नाही. तानपुऱ्याची घोडी याच्या उलट. तिचा माथा रुंद, दिसावयास सपाट, पण वस्तुतः पुढच्या बाजूस अगदी किंचित उतरता. तार कंप पावू लागली की या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते. तिचा शेवट एका बिंदूवर न राहता पुढेमागे सरकत राहतो. दर हेलकाव्यागणिक तारेतील थोडी शक्ती मूळ स्वराकडून उपस्वरांकडे जाते, आणि म्हणून एकदा छेडलेल्या तारेतून स्वरांची उतरंड हळूहळू उलगडत गेल्यासारखी वाटते. हीच जवारी. घोडीवर तारेखाली जो सुताचा दोरा सरकवितात, तो हे टेकणे आणि सुटणे कोठे व्हावे हे ठरवितो. केसभर इकडेतिकडे झाला, की तानपुरा मुका!

तार ज्या बिंदूवर छेडावी, तेथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो तो उपस्वर उमटत नाही, असा इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंग यांचा नियम आहे. या हिशेबाने तार बरोबर मध्यावर छेडली, तर दुसरा, चौथा, सहावा हे उपस्वर गप्प बसावयास हवेत. तानपुऱ्यात ते गप्प बसत नाहीत. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवरील निबंधात हे दाखवून दिले आणि त्याचे श्रेय तानपुरा व वीणा यांच्या घोडीच्या घडणीला दिले. पुढे ज्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांनी सुताच्या दोऱ्याकडे इतक्या आस्थेने पाहिले याचे मला फार कौतुक वाटते.

या सर्वाचा गाणाऱ्याला उपयोग काय? काळी एक पट्टीत लावलेल्या तानपुऱ्याचा खर्ज सेकंदाला सुमारे ६९ कंपने करतो. त्याचा पाचवा उपस्वर सुमारे ३४६ कंपनांचा, तोच गंधार. कोणी गात नाही, कोणी वाजवीत नाही, तरी जवारी नीट असेल तर खर्जातून गंधार स्पष्ट ऐकू येतो. आपले गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. हार्मोनियमचा गंधार याहून चढा, सुमारे ३४९ कंपनांचा असतो. दोन्ही एकदम वाजले तर सेकंदाला जवळजवळ तीन हेलकावे पडतात आणि कान बेचैन होतो. १९१६ साली बडोद्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत श्रुतींवर जो खल झाला, त्यामागेही असल्याच बारीक अंतरांचा प्रश्न होता. ज्या विद्यार्थ्याच्या तानपुऱ्याची जवारी गेलेली असते, त्याला हा स्वयंभू गंधार मिळतच नाही. तो पेटीचा गंधार घेतो आणि तोच गळ्यात बसवितो. एकदा बसलेला स्वर हलविणे किती कठीण असते, हे शिकविणाऱ्यांना विचारावे.

जवारी लावणे हे कानाचे काम आहे. कानस घेऊन माथा घासावयाचा, तार चढवून ऐकावयाचे, पुन्हा उतरवून घासावयाचे. मोजपट्टीचा येथे उपयोग नाही. आवाज खुला होतो की बंद, हे माथ्याच्या उतारावर ठरते. मिरजेत ही विद्या ज्या घराण्यांत टिकली, त्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे होते. तलवारीची धार आणि जवारीचा उतार ओळखणारी बोटे एकच, हा योगायोग नव्हे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पूर्वी घोडीच्या माथ्याला हस्तिदंत किंवा सांबरशिंग लावीत. त्यांच्या व्यापारावर बंदी आल्यापासून उंटाचे हाड, शिसवी लाकूड आणि कृत्रिम पदार्थ वापरले जातात. आता विजेवर चालणारे तानपुरे व खिशातल्या दूरध्वनीवरील तानपुरेही निघाले आहेत. प्रवासात ते सोयीचे खरे. पण स्वतः जवारी उघडून पाहण्याची सवय मात्र त्यांनी हिरावून घेतली आहे.

ज्यांच्या घरी तानपुरा आहे त्यांनी फक्त खर्जाची तार छेडावी आणि दोरा अगदी सावकाश पुढेमागे सरकवून गंधार उमटतो का ते ऐकावे. उमटत नसेल, तर घोडीवर तारांनी चरे पाडले आहेत असे समजून वाद्य कारागिराकडे न्यावे. मात्र आपण ज्या पट्टीत गातो ती त्याला आधी सांगावी; कारण काळी एकला उघडलेली जवारी काळी पाचला तशीच बोलेल असे नाही.