भरतीची वाट

खाडीला दिवसातून दोनदा भरती येते, हे आमच्या घरात कुणाला पुस्तकातून शिकावे लागले नाही. आजोबा अजूनही तिथीवरून पाण्याची वेळ सांगतात. तीच विद्या नेरूळच्या डी.पी.एस. तलावाला लागू पडते, हे मात्र मला कॉलेजात आल्यावर उमगले.

सुमारे ३० एकरांचा हा तलाव. तलाव म्हणायचा, पण पाणी खाडीचे. भरतीला आत यावे, ओहोटीला परत जावे. ठाणे खाडीतला चिखल भरतीखाली बुडाला की रोहित पक्षी अशा उथळ पाण्यावर येतात. वाकडी चोच उलटी बुडवून ते पाणी गाळतात. शेवाळ आणि बारीक जीव तेवढे पोटात जातात.

२०२४ साली भरतीची वाट बुजली. तळ कोरडा पडला. त्या उन्हाळ्यात परिसरात काही रोहित मेलेले आढळले. लोकांनी ओरड केली, आणि २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मान्यता दिली.

तलाव सुधारायचा म्हणजे बाके, दिवे, कारंजे, अशी आपली समजूत. काठावर बसायला मलाही आवडते (परीक्षा जवळ आली की जरा जास्तच!). पायवाट हवीच, पण पाण्याची वाट आधी. तिची तोंडे मोकळी ठेवावीत, गाळ साचू देऊ नये, प्रखर दिवे पाण्यापासून दूर असावेत.

एकदा आजोबांना तिथे नेले. पक्ष्यांकडे त्यांनी पाहिलेच नाही. काठावर वाकून विचारले, “पानी आत येतंय ना रे?”