घरचे कर्ज आणि राष्ट्राची गुपिते

राष्ट्राची गुपिते ज्याच्या हाती सोपवावयाची, त्याच्या घरच्या देण्याघेण्यात सरकारने का डोकवावे, असा प्रश्न कोणासही पडेल. अमेरिकेला याचे उत्तर कटु अनुभवातून मिळाले. तेथील मध्यवर्ती गुप्तचर संस्थेचा अधिकारी ऑल्ड्रिच एम्स घटस्फोट व कर्ज यांनी गांजला होता. १९८५ साली त्याने पैशासाठी सोव्हिएट हेरखात्याला गुपिते विकली. १९८९ साली त्याने ५,४०,००० डॉलरचे घर रोखीने घेतले. त्याच्या पगारात हे बसणारे नव्हते. तरीही त्याला अटक झाली ती १९९४ साली. तोवर त्याने ज्यांची नावे फोडली, त्यांतील कित्येक प्राणास मुकले होते.

गोपनीय माहिती हाताळण्याचा परवाना देताना तेथे तेरा सूत्रे लावली जातात. त्यांतील एक आर्थिक वर्तनाविषयी आहे. थकलेली देणी, न भरलेला कर, जुगार, तसेच आकस्मिक व अनाकलनीय श्रीमंती ही सारी त्यात संशयास्पद मानली आहेत.

परंतु कर्ज असणे हाच दोष, असे हे सूत्र म्हणत नाही. समजा, एखाद्या अभियंत्याची नोकरी गेली आणि त्यातच पत्नीच्या शस्त्रक्रियेचा खर्च येऊन पडला. हे संकट त्याच्या हातचे नव्हते. मात्र त्यानंतर तो कसा वागला, हे पाहिले जाते. धनकोस वेळीच कळवले काय, हप्ते बांधून घेतले काय, आणि ते नियमाने भरले काय? सर्व कर्ज फिटलेलेच असावे असा आग्रह नाही. वाजवी योजना व तिचे प्रत्यक्ष पालन हवे. पुढे फेडीन, हे नुसते वचन मात्र तेथे चालत नाही. देणे मुळातच अमान्य असेल, तर त्याचीही कागदोपत्री कारणे दाखवावी लागतात.

संरक्षण खात्याचे काम करणाऱ्या खासगी कंपनीतील माणसाबद्दल शंका आली, तर त्याला आक्षेपांची लेखी यादी मिळते. वीस दिवसांत प्रत्येक आक्षेपाला उत्तर द्यावे लागते. मागितल्यास सुनावणीही होते. येथे पावत्या, बँकेचे उतारे, धनकोंची पत्रे हीच खरी साक्ष. आक्षेपांचे निरसन करण्याचा भार अर्जदारावर असतो आणि शंका उरलीच, तर निर्णय राष्ट्राच्या सुरक्षिततेच्या बाजूने होतो. म्हणून लाजेपोटी अर्जात कर्ज दडवणारा दुहेरी संकटात सापडतो. कर्जाचा खुलासा करता येतो, जाणूनबुजून केलेल्या असत्याचा करणे फार कठीण.

हा विचार आपल्याला परका नाही. केंद्र सरकारच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतील सतरावा नियम सेवकाला सततच्या कर्जबाजारीपणापासून दूर राहण्यास सांगतो. वसुलीचा दावा झाल्यास त्याने ती हकीकत सरकारला तत्काळ कळवावयाची असते. हे कर्ज उधळपट्टीतून नव्हे, तर टाळता न येणाऱ्या परिस्थितीतून झाले, हे त्यानेच सिद्ध करावयाचे असते.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण आजारपण किंवा बेकारी अंथरूणच ओढून नेते, तेव्हा माणसाने काय करावे? देणे लपवू नये, हिशेब लिहून ठेवावा आणि थोडे थोडे का होईना, ते फेडीत राहावे. परवाना देणारा अधिकारी अखेर याच गोष्टींचा पुरावा शोधीत असतो.