ओळखीच्या नावाने आलेली ईमेल

१३ जून २०१६ रोजी दिल्लीत राहणारे कार्यकर्ते रोना विल्सन यांच्या संगणकावर एक ईमेल आली. पाठवणाऱ्याचे नाव होते वरवरा राव. तेलुगूतले हे ज्येष्ठ कवी विल्सन यांच्या ओळखीचे, त्यामुळे संशय घेण्याचे कारणच नव्हते. सोबतची फाईल उघडून पाहा, असा आग्रह होता. विल्सन यांनी ती उघडली.

अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संगणक तपासणाऱ्या कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्ये जो अहवाल दिला, त्यानुसार राव यांचे ईमेल खाते भलताच कोणीतरी वापरत होता. फाईल उघडताच ‘नेटवायर’ नावाचा हेर प्रोग्राम संगणकात शिरला आणि पुढे सुमारे २२ महिने विल्सन यांचा संगणक त्या अज्ञात माणसाच्या ताब्यात राहिला. त्याने एका लपवलेल्या फोल्डरमध्ये पत्रे आणून ठेवली, जी विल्सन यांनी कधी उघडल्याची खूण सापडली नाही. भीमा-कोरेगाव आणि एल्गार परिषदेच्या प्रकरणात पुरावा म्हणून पुढे आली ती अशीच पत्रे! नागपूरला दलित-आदिवासींचे खटले चालवणारे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकातही त्याच हल्लेखोराने सुमारे २० महिने असाच वावर केला, असे याच कंपनीने २०२१ मध्येच सांगितले. राष्ट्रीय तपास यंत्रणेने हे निष्कर्ष मानले नाहीत. सरकारी प्रयोगशाळेच्या तपासणीत असे काही आढळले नाही, असे तिचे म्हणणे. विल्सन जून २०१८ मध्ये पकडले गेले आणि त्यांना उच्च न्यायालयाचा जामीन मिळाला जानेवारी २०२५ मध्ये. साडेसहा वर्षे!

हे सांगण्याचे कारण असे की, व्हायरस म्हणजे संगणक जरा मंद चालणार, फार तर फॉरमॅट मारावा लागणार, अशीच आपल्या कार्यकर्त्यांची समजूत आहे. मंडळाच्या कार्यालयात एक संगणक असतो. जयंतीची वर्गणी, वसतिगृहातल्या मुलांचे अर्ज, अत्याचाराच्या प्रकरणातले फिर्यादीचे कागद, साक्षीदारांचे पत्ते, सगळे त्यातच. त्यावर फुकटात टाकलेला चोरीचा विंडोज आणि कोणाच्या तरी पेन ड्राइव्हवरून आणलेला तोडलेला अँटीव्हायरस. चोराकडूनच कुलूप विकत घ्यावे, तसला हा प्रकार.

ओळखीच्या नावाची ही युक्ती जुनीच आहे. मे २००० मध्ये मनिलाहून सुटलेल्या ‘आय लव्ह यू’ व्हायरसने जगभर हाहाकार उडवला. प्रेमपत्र म्हणून आलेली ती फाईल साध्या मजकुराची दिसे, कारण नावाचा शेवटचा तुकडा विंडोज लपवून ठेवत असे. प्रत्यक्षात तो प्रोग्राम होता. उघडला की तुमच्या पत्त्याच्या वहीतल्या सगळ्यांना तुमच्याच नावाने तेच पत्र जाई. तुकडा लपवण्याची ही सवय विंडोजने अजून सोडलेली नाही. फोल्डरच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन फाईलचे पूर्ण नाव दिसेल अशी सोय करून घ्यावी. एवढे काम दहावीतला मुलगाही करून देतो.

पण खरा उपाय टेलिफोनचा. फाईल आली, ती येणार हे आधी ठाऊक नव्हते, तर पाठवणाऱ्याला फोन करून विचारा, ‘आपण काही पाठवले का?’ ईमेलला ईमेलनेच उत्तर देऊन विचारू नका. खाते दुसऱ्याच्या हाती असेल तर उत्तरही तोच देईल. आणि ‘तातडीचे’, ‘गोपनीय’, ‘फक्त आपल्यासाठी’ असे काही लिहिलेले असेल तर फोन नक्कीच करा. गटबाजीच्या बातम्या उघडून पाहण्याची आपल्याला जी घाई असते, ती या लोकांना चांगली ठाऊक असते.

विंडोज परवान्याचा घ्या आणि तो अद्ययावत ठेवा. विंडोज १० चा नेहमीचा आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. परवान्याला पैसे नसतील तर लिनक्स फुकट आहे आणि तो चोरीचाही नाही. महत्त्वाच्या कागदांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क संगणकापासून सोडवून ठेवा. १९१७ साली लंडनहून परतताना बाबासाहेबांनी पुस्तकांचे सामान दुसऱ्या जहाजाने पाठवले होते आणि महायुद्धात पाणबुडीने ते जहाज बुडवले. त्या सामानाची दुसरी प्रत निघणे शक्य नव्हते. आज ती दहा मिनिटांत निघते.

आता ब्रॉडबँड. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत स्फोट होण्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल गेली. माग काढत पोलीस पोहोचले नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटमध्ये. तिथे एक अमेरिकन नागरिक राहत होता. त्याच्या वाय-फायला कुलूपच नव्हते. बाहेरच्या कोणीतरी ते वापरून ईमेल पाठवली होती. चौकशी झाली, संगणक जप्त झाले, पण तो आरोपी ठरला नाही. प्रश्न असा की, त्या फ्लॅटच्या जागी गोवंडीची किंवा घाटकोपरच्या रमाबाई नगरची खोली असती आणि अमेरिकन पासपोर्टच्या जागी जातीचा दाखला असता, तर?

मोडेमलाही एक पासवर्ड असतो हे पुष्कळांच्या गावीही नसते. जोडणीला आलेला मुलगा डबा भिंतीला ठोकतो, दिवे लागले की जातो. कारखान्यातून येताना दिलेला ‘अॅडमिन’ हाच शब्द वर्षानुवर्षे तसाच राहतो. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या हजारो ग्राहकांचे मोडेम एका व्हायरसने बंद पाडले, ते हाच शब्द न बदलल्यामुळे. मोडेम हाती गेला तर तुम्ही बँकेचा पत्ता टाकाल आणि पोहोचाल भामट्याच्या पानावर. म्हणून मोडेमचा शब्द वेगळा, वाय-फायचा वेगळा, दोन्ही लांब.

विहारात अभ्यासिकेसाठी वाय-फाय घेतले असेल तर ते कार्यालयाच्या संगणकापासून वेगळे ठेवावे. मोडेममध्ये ‘गेस्ट’ नावाची सोय असते. आणि पासवर्ड म्हणून ‘जयभीम’ किंवा १४ एप्रिल १८९१ ही तारीख ठेवू नका. आपल्या वस्तीत तो पहिल्याच प्रयत्नात उघडतो, मी उघडून पाहिला आहे.